फालेसीच्या हातचं

नामिकोम्बे गावात चाळिशीच्या आतलं जे कोणी चालतंबोलतं माणूस आहे, त्यातलं निम्मं पहिल्यांदा रडलं ते फालेसीच्या हातांत. हे ती स्वतः कधी सांगत नसे. सांगायची गरजच नव्हती. बाजारात टोमॅटोवाली तिच्या टोपलीत दोन जास्तच टाकायची आणि चर्चमध्ये मोठमोठे बाप्ये तिच्यासाठी बाकावर सरकून जागा करायचे. मग वरून हुकूम आला की बाळंतपणं यापुढे दवाखान्यातच करायची. गावप्रमुखाने आंब्याखाली सभा भरवली आणि सगळ्यांदेखत फालेसीकडून ब्लेड, दोरा आणि पत्र्याचा डबा काढून घेतला. तिने तो हसत हसत दिला. कळा आणणाऱ्या मुळ्यांचं एक गाठोडं मात्र मक्याच्या कणगीच्या छपरात खोचलेलं राहिलं. ते विसरून राहिलं असं ती स्वतःलाही सांगायची. माणूस दुसऱ्याशी खोटं बोलताना अडखळतो, स्वतःशी बोलताना कसा अगदी सराईत असतो!

तिला चार मुलगे आणि एकच मुलगी, झिओने. आता मुलगे काय, ते लग्न करून बायकोच्या गावाला जायचे आणि गेलेही. नामिकोम्बेत घर चालतं ते मुलींवर. जावई येतो, घर बांधतो, शेत कसतो. पण मुलं बाईच्या कुळाची, जमीन बाईची, आणि मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या मामाचा. मुलगी आईच्या अंगणातून कधी हलत नाही. फालेसीची आई याच अंगणात मेली, तिची आजीही याच अंगणात. म्हणजे पुढचं सगळं एकट्या झिओनेच्या पोटावर अवलंबून होतं, आणि ही गोष्ट फालेसी दिवसातून दहा वेळा मनात मोजायची.

झिओनेचं पहिलं बाळंतपण दोन दिवस अडलं होतं. शेवटी मिशनच्या दवाखान्यात तिचं सिझर झालं. मुलगा झाला, दोन दिवस जगला आणि गेला. उशीर झाला म्हणून गेला, असं डॉक्टर म्हणाला. सुरीने गेला, असं फालेसी म्हणाली. "जे पोर दारातून न येता भिंत फोडून येतं, ते घरात कसं राहील?" असं ती चार बायकांत बोलून गेली, आणि झिओनेने ते ऐकलं.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा दवाखान्यातली सिस्टर चिसाले बोट नाचवत म्हणाली होती, "एकदा सिझर झालंय ना? मग या वेळी कळांची वाट बघायची नाही. महिनाभर आधी इथे येऊन राहायचं. आम्ही तारीख देऊ, त्या दिवशी बाळ काढू. आणि घरचं मुळीबिळी काही घ्यायचं नाही. ऐकताय ना, आजी? मी तुमच्याकडे बघूनच बोलतेय."

"मला कशाला सांगतेस? माझं दुकान तर तुम्ही केव्हाच बंद केलंत," फालेसी म्हणाली, आणि बाकावरच्या सगळ्या पोटुशा खळखळून हसल्या.

झिओनेला दवाखान्यात आणलं तिच्या नवऱ्याने, मेडसनने. तो सायकलवर उतारू वाहायचा. मागच्या कॅरियरवर त्याने कापसाची उशी बांधली होती, निळी, लाल फुलांची. रोजच्या उतारूंसाठी नव्हे, खास बायकोसाठी. चौदा मैल त्याने सायकल चालवली नाही, धरून चालत नेली. खड्डा आला की थांबायचा आणि मागे वळून विचारायचा, "धक्का बसला का गं पोटात?"

"पोटात काय बसेल? तूच बस पोटात!" झिओने हसायची. मागून डोक्यावर पातेलं घेऊन चालणारी फालेसी हे सगळं ऐकत होती. सासू-जावयाने एकमेकांशी फार बोलू नये अशी तिकडची रीत. पण बरा जावई मिळाला हे कळायला बोलावं लागत नाही.

दवाखान्याच्या मागे वाट पाहणाऱ्या बायकांसाठी लांबलचक खोली होती आणि तिच्यापलीकडे सोबत आलेल्यांच्या चुली. तिथे फालेसी तीन आठवडे राहिली. सगळ्यांना तिची ओळख निघाली. कुणी म्हणे, तुम्ही माझ्या बहिणीला सोडवलंत; कुणी म्हणे, मलाच सोडवलंत. तारीख मंगळवारची मिळाली. शनिवारी झिओने आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"आई, तेच टेबल असेल का गं? वर तो मोठा दिवा असतो ना, त्यात आपलं आपल्यालाच दिसतं. मला सगळं दिसलं होतं." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "हेही दोनच दिवस राहील का?"

फालेसी मुलीचे खांदे चोळत राहिली, आणि तिची बोटं मुलीच्या पोटावर गेली, चाळीस वर्षं जात होती तशीच. बाळाचं डोकं खाली होतं, नीट बसलेलं. अगदी नीट! अशी बाळं तिने अंगणातल्या शेंगा तोडाव्यात तितक्या सहज सोडवली होती. दोन दिवस आधी कळा आल्या तर मंगळवार कशाला उजाडेल? सुरी कशाला लागेल? एवढीशी मुळी, करंगळीच्या नखाएवढी. जिथे इतरांना मूठभर द्यायची, तिथे मुलीला नखाएवढी. पहिल्या शिवणीचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण बाहेरची जखम तर कधीच भरून आली होती, आणि आतली जखम फालेसीने आयुष्यात कधी पाहिलीच नव्हती. तिच्या चाळीस वर्षांच्या शहाणपणात नेमकं तेवढंच एक भोक होतं.

गाठोडं छपरात नव्हतं. ते पातेल्यातल्या पिठात होतं. तिने ते बरोबर का आणलं, हे तिला मागाहून फार जणांनी विचारलं नाही. ती स्वतःलाच विचारत बसली.

रविवारी सकाळी, चर्चची घंटा वाजत असताना, तिने मक्याची पातळ पेज केली. त्यात तीन चमचे साखर घातली, म्हणजे रोजच्यापेक्षा दोन जास्त, आणि हिरव्या इनॅमलच्या मगात ओतून झिओनेला दिली. झिओनेने एक घोट घेतला. मग क्षणभर आईकडे पाहिलं. नंतर डोळे मिटून मगातली सगळी पेज संपवली आणि तळाला बोट फिरवून चाटलंही.

"गोड झालीय," ती म्हणाली.

कळा दोन तासांत सुरू झाल्या. सुरुवातीला फालेसीला आनंद झाला; त्या आनंदाची बोच तिला पुढे जन्मभर पुरली. कळा एकीवर एक येत होत्या, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नव्हती. सिस्टर धावत आली. "हे एवढं जोरात कसं काय? काही प्यायलीस का तू? खरं सांग. मुळी, पाला, काहीही. मी रागावणार नाही, मला फक्त कळायला हवं!"

फालेसी भिंतीला टेकून उभी होती. हातात हिरवा मग होता.

"नाही," झिओने म्हणाली. "फक्त पेज."

मग ती एकदम किंचाळली आणि कळा थांबल्या. सगळ्या एकाच वेळी. फालेसीने असं कधी पाहिलं नव्हतं. पोटाचा घाट बदलला, आणि मुलीचा चेहरा राखेसारखा झाला. सिस्टर ओरडली, दोघी-तिघींनी स्ट्रेचरचा गाडा ढकलला, दार बंद झालं. बाहेर चुलीवर कुणाची तरी तूर शिजत होती, ती उतू गेली आणि करपली तरी कुणी उठलं नाही.

दुपारी डॉक्टर बाहेर आला. तरुण होता, डोळ्यांखाली काळं आलेलं. "आजी, जुनी शिवण आतून फाटली. बाळ गेलं. तुमची मुलगी वाचेल, पण रक्त थांबेना म्हणून पिशवी काढावी लागली." मग त्याला वाटलं आजींना कळलं नसेल, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, "आता मूल होणार नाही."

"काय होतं?" फालेसीने विचारलं.

"मुलगी."

जे बाळ नाव ठेवण्याआधी जातं, त्याला बायका पुरतात. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही आणि बायकांनी मोठ्याने रडायचं नाही. अशा वेळी नामिकोम्बेत आजवर कुदळ उचलायची ती फालेसीच. तिने या वेळीही उचलली. दवाखान्यामागच्या ओढ्याकाठच्या केळींपाशी, ओल्या मातीत, तिने कोपरभर खड्डा खणला आणि कापडाचा एक कोपरा बाजूला करून पाहिलं. पाहू नये असा नियम तिनेच इतर बायकांना शिकवला होता. बाळाचे कान मेडसनचे होते, वरून किंचित दुमडलेले. केस दाट होते. सगळं जागच्या जागी होतं, दहाही बोटं, पापण्यासुद्धा. हे बाळ मंगळवारी रडलं असतं. ही एक गोष्ट तिथल्या पाच बायकांत एकट्या फालेसीला ठाऊक होती, आणि तिला वाटलं की आपणही याच खड्ड्यात बसून वरून माती ओढून घ्यावी.

रस्त्यावर मेडसन सायकल धरून उभा होता. रीत मोडून त्याने सासूला विचारलं, "आई, कुणासारखी होती?"

"तुमच्यासारखी," ती म्हणाली. "कान तुमचे होते."

त्याने मान हलवली आणि तो सायकलच्या घंटीवर अंगठा घासत राहिला, न वाजवता.

आता गावाला कारण हवं होतं. दुःख झालं की गावाला आधी कारण लागतं आणि मग गुन्हेगार. नामिकोम्बेत बाळंतपण बिघडलं की बोट आपोआप एकाच दिशेला वळतं: बायको पोटुशी असताना नवऱ्याने बाहेर शेण खाल्लं असणार, त्याशिवाय असं होत नाही. फालेसीचा थोरला भाऊ बिटोनी, म्हणजे झिओनेचा मामा; कुळाचा कर्ता म्हणून तो गावातच राहिलेला. त्याने शनिवारी ओटीवर बैठक बोलावली. झिओने अजून दवाखान्यातच होती. तिच्यापाशी चुलत मावशीला बसवून फालेसीला बोलावून घेतलं. मेडसनच्या बाजूने त्याचा म्हातारा काका आला. पुरुष स्टुलांवर बसले, बायका चटईवर.

"हं, जावईबापू," बिटोनीने सुरुवात केली, "तुमच्या सायकलवर मागे कोण कोण बसतं?"

"जो हात करेल तो, मामा."

"बायाही?"

"बायाही. धंदाच तो आहे."

"आणि ती फुलाफुलांची उशी कुणासाठी? मक्याच्या पोत्यासाठी?" चटईवरची एक जण फिसकन हसली. बिटोनीला जोर चढला. "मागच्या महिन्यात दोन रात्री तुम्ही बाजारच्या गावी मुक्काम केलात. कुणाकडे?"

"चेन तुटली होती. दुकानाच्या ओट्यावर झोपलो. दुकानदाराला विचारा."

"दुकानदाराला काय विचारायचं? तोही पुरुषच!"

सगळे हसले. मेडसन नाही हसला. तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही. माझी मुलगी गेली आणि माझी बायको तिथे पडलीय. मला तिच्याकडे जाऊ द्या."

मग बिटोनी वळला. "हे बघा, उगाच आपण कशाला भांडायचं? जाणतं माणूस घरातच बसलंय. फालेसी, तू आयुष्यभर हेच केलंस. तूच सांग. नवऱ्याचं पाऊल वाकडं पडल्याशिवाय असं होतं का?"

मेडसनने सासूकडे पाहिलं, रीत मोडून, सरळ डोळ्यांत. त्याला खात्री होती. तिचा शब्द म्हणजे सुटका, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

फालेसीला तो हिरवा मग दिसला, पेज दिसली, टोमॅटोवाली दिसली, चर्चमधला बाक दिसला. आंब्याखाली गावप्रमुख पुन्हा सभा भरवतोय असंही दिसलं. आणि त्या सगळ्यापलीकडे झिओने दिसली, तिला कळल्यावर तिचा चेहरा कसा होईल तो. तिला वाटलं, खोटं बोलायचं नाही, फक्त खरं सांगायचं नाही.

"जुनी माणसं तसंच सांगत आलीयत," ती म्हणाली.

एवढंच. पण ते फालेसीने म्हटलं होतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. मेडसनचा काका उठला आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल." मेडसनने घरातून स्वतःची कुदळ घेतली, घोंगडं घेतलं. घर त्याने स्वतः विटा पाडून बांधलं होतं, पण घर कुठे नेता येतं? सायकल बाहेर काढताना त्याने कॅरियरची उशी सोडली, आत नेली आणि बिछान्यावर ठेवली. फालेसीच्या बाजूने तो गेला तेव्हा त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, रीतीप्रमाणे.

दवाखान्यात झिओने रोज दाराकडे पाहायची. "तो आला नाही?"

"पावसाने वाट गेलीय," फालेसी सांगायची. दुसऱ्या दिवशी सांगायची, सायकल मोडलीय. तिसऱ्या दिवशी झिओनेने विचारणंच सोडलं. तिला काढलेल्या पिशवीचं डॉक्टरने सांगितलं तेव्हा ती रडली नाही. रडली ती छाती भरून आली तेव्हा. दूध यायला लागलं आणि प्यायला कुणी नव्हतं. फालेसीने कोबीची पानं ठेवली, फडकं घट्ट बांधलं. यातलं सगळं तिला येत होतं.

दोन आठवड्यांनी मायलेकी घरी आल्या, झिओने दुसऱ्याच कुणाच्या सायकलवरून. झिओने पोटाला हात लावून आत गेली. खुंटीवर घोंगडं नव्हतं, कोपऱ्यात कुदळ नव्हती. बिछान्यावर उशी होती.

"कुठे गेला?"

फालेसीने सांगितलं. बैठक, चेन, दुकानदार, मामा. स्वतःचं वाक्य तेवढं टाळलं. पण झिओने त्याच घरात वाढली होती.

"आणि तुला विचारलं असेल ना? तू काय म्हणालीस?"

फालेसी खाली बसली. "मी म्हटलं, जुनी माणसं तसं सांगतात."

मग झिओने हळू आवाजात म्हणाली, "आई, सात वर्षांची असल्यापासून तुझ्या मुळ्या मी कुटल्यात. साखर घातलीस म्हणून चव मला कळणार नव्हती? पहिल्याच घोटाला कळलं. प्याले. तुझ्या हातचं होतं म्हणून प्याले. सुरीची भीती होती म्हणूनही. सिस्टरने विचारलं तेव्हा जीव जात होता, तरी बोलले नाही. मी तुझ्यासाठी गप्प बसले. तू कुणासाठी गप्प बसलीस?"

उत्तर दोघींनाही माहीत होतं.

फालेसी उठली. पातेल्यातून गाठोडं काढलं आणि भर दुपारी सगळ्यांसमोरून चालत बिटोनीच्या ओटीवर गेली. तिने गाठोडं सोडून मुळ्या त्याच्या पायाशी टाकल्या. "हे मी दिलं, दादा. मेडसनने काही केलेलं नाही. मी केलं."

बिटोनीने आधी मुळ्यांकडे, मग आजूबाजूला पाहिलं. "बांध ते," तो दबक्या आवाजात म्हणाला. "वेड लागलंय का तुला? निकाल झाला, माणूस गेला. आता काय त्याच्या पाया पडायला जाऊ? कुळाची अब्रू घालवायची आहे का?"

"कुळ?" फालेसी म्हणाली. "ते ओढ्याकाठी पुरलंय मी." मग ती हापशाकडे वळली. तिथे सातआठ बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या पाच तिच्या हातांत जन्मलेल्या. तिने त्यांनाही तेच सांगितलं, मोठ्याने, नावानिशी, काही न गाळता. एकीने आपलं पोर उचलून कडेवर घेतलं. हापशाचा दांडा तसाच वर राहिला.

ती परत आली तेव्हा घर उघडं होतं आणि झिओने नव्हती.

फालेसीला ती तुरीच्या शेताच्या टोकाला दिसली. एक हात पोटाच्या टाक्यांवर, दुसऱ्या हाताखाली निळी उशी. मसिकिताच्या वाटेने, म्हणजे मेडसनच्या गावाकडे. त्या कुळातली बाई नवऱ्याच्या गावी राहायला गेली, असं कधी झालं नव्हतं. ऊन रणरणत होतं. अजून टाके ओले होते, आणि वाटेत एकच विहीर होती, तीही दोन तासांवर.

फालेसीने हाताला लागला तो हिरवा मग माठात बुडवला आणि ती धावली. त्या वयात, तुरीच्या ओळींतून, पाणी सांडू नये म्हणून जपत. जवळ पोचली तेव्हा मगात पाणी अर्धंच राहिलं होतं.

"सांगितलं मी," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं. दादालाही, हापशावरही."

"बरं केलंस," झिओने म्हणाली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"आता तरी घरी चल. नाही तर निदान पाणी पी. लांब आहे गं."

झिओनेने हिरव्या मगाकडे पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. तिचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि परत पोटावर गेला.

"नको, आई," ती म्हणाली. रागाने नव्हे, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्या हातचं आता मला जाणार नाही."

उशी सावरून ती चालू लागली. फालेसी तिथेच उभी राहिली, हिरवा मग दोन्ही हातांनी धरून, मुलगी दिसेनाशी होईपर्यंत.